वर आलेली गांडुळे

अमरनाथ मुखेडच्या बाजाराला निघाला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. कापडाचे तीन गठ्ठे त्याने टेम्पोत चढवले, ताडपत्रीची दोरी दोनदा ओढून पाहिली आणि दारातूनच आत आवाज दिला, "आई, येतो." आतल्या खोलीतून दानम्मांनी "हं, ये," म्हटले. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मंजुश्रीने फाटक ओढून घेतले आणि मागच्या अंगणात येऊन चुलीवर पाण्याचे पातेले चढवले.

कार्तिक लागला होता, पहाटेचा गारवा अजून फरशीत होता. पाणी तापेपर्यंत तिने सासूबाईंना चहा दिला. त्यांना ती आत्या म्हणे; तिच्या माहेरी तीच रीत होती. मग कोमट पाण्याने त्यांचे अंग पुसले, लुगडे बदलले, पाठीशी दोन उशा लावून त्यांना बसते केले आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर विभूती, बेलाची पाने आणि पाण्याचा तांब्या ठेवला. डावा पाय हलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या होत्या. दानम्मांनी कपाळाला विभूती लावली, गळ्यातले इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतले आणि डोळे मिटले. हे दृश्य मंजुश्री गेले अडीच महिने पाहत नसे. तळहातावर लिंग आले की ती पाठ वळवून स्वयंपाकघरात जाई.

आजही गेली. रात्रीच्या मेथीच्या काड्या, दोन केळ्यांच्या साली आणि चहाचा चोथा तिने विळीवर बारीक करून एका ताटलीत घेतला. गांडुळांना आणून आज नववा दिवस होता. पाण्याची फुटकी टाकी आडवी कापून, तळाला भोके पाडून, चार विटांवर ठेवली होती. आत जुने शेण, वाळला पाला, वर ओले गोणपाट. गांडुळे पलीकडच्या गल्लीतल्या जोहराआपांनी दिली होती. त्यांची लेक अर्शिया अर्धापूरला दिली होती. तिथल्या केळीच्या बागेतून अर्धा किलो गांडुळे ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आपांनी आणली होती. "घंटागाडीची वाट बघत कचरा कुजवण्यापेक्षा घरातच कुजव," त्या म्हणाल्या होत्या. "आन् मातीत हात घालत जा जरा. घरात बसून बसून तुझं डोकं आंबून राहिलं."

मंजुश्रीने ताटली घेऊन मागचे दार उघडले आणि ती पायरीवरच थांबली.

गांडुळे टाकीच्या बाहेर होती. आधी तिला वाटले, सुतळीचे तुकडे पडलेत. मग ते तुकडे हलले. टाकीच्या काठावर तांबूस, ओलसर गुंतवळ लोंबत होते आणि त्यातून एकेक सुटून विटांवर, विटांवरून सिमेंटच्या कोब्यावर उतरत होते. भिंतीवर हातभर उंचीपर्यंत ती चढलेली होती. न्हाणीच्या दाराच्या चौकटीवर होती. एक अगदी तिच्या पायरीशी येऊन, डोके उचलून, दिशा शोधत होते. आवाज कसलाच नव्हता. कसलाच आवाज न करता इतके जीव एका जागेतून बाहेर पडत होते.

ताटली तिच्या हातून पडली नाही. तिने ती हळूच खाली ठेवली, जणू जोराने ठेवली तर काही सुरू होईल.

मंजुश्रीचे माहेर किल्लारीच्या बाजूला, तेरणेच्या काठचे. भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गणपती बुडवून आल्यावर ती ओट्यावरच झोपून गेली, म्हणून वाचली. वडील राखणीला शेतात होते, म्हणून वाचले. आई आणि तीन वर्षांचा भाऊ घरात होते. त्यानंतर वडील चोवीस वर्षे जगले. आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत. जो कोणी विचारायला येई, मग तो अधिकारी असो, कॉलेजची पोरे असोत की नवा जावई, त्याला ते एकच गोष्ट सांगत. आदल्या दिवशी सकाळी परसातल्या दोडक्याच्या आळ्यापाशी गांडुळे वर आली होती. ढिगाने आली होती. आणि त्यांनी खराट्याने ती झाडून उकिरड्यावर लोटली होती. "मी बघितलं," ते म्हणत, "आन् झाडून टाकलं."

एकदा शेजारचे भुजंगकाका त्यांना म्हणाले होते, "अरे, दोन दिवस पाऊसच होता की. पावसानं गांडुळं वर येतातच." वडिलांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणे टाकले. ती गोष्ट पावसाची होती असे कोणी म्हटलेले त्यांना चालत नसे. मंजुश्रीला त्या वेळी हे कळले नव्हते, अजूनही पुरते कळले नव्हते. इतकेच माहीत होते की ती गांडुळे तिने स्वतः पाहिली होती की वडिलांकडून ऐकून ऐकून तिच्या डोळ्यांत शिरली होती, हे आता तिचे तिलाच सांगता येत नव्हते. तिला ती दिसत. अशीच दिसत.

तिने आजूबाजूला पाहिले. शेवग्यावर चिमण्या होत्या. शेजारी कोणीतरी कपडे आपटत होते. पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सगळे नेहमीसारखे होते, आणि त्या दिवशीही सगळे नेहमीसारखेच होते. लोकांनी मोदक खाल्ले होते.

घशात ओरड आली. ती तिला ओळखीची होती. श्रावणात अशीच आली होती आणि तेव्हा तिने ती अडवली नव्हती.

श्रावणात मागच्या रस्त्याचे काम चालू होते. रोलर आणला होता, खडी दाबताना थरथरणारा. सकाळची वेळ. मांडणीवरच्या वाट्या वाजू लागल्या, कपाटाची काच थरथरली, आणि मंजुश्री "भुई हलली, बाहेर पळा" असे किंचाळत अंगणात धावली. एकटीच धावली. मागे वळून पाहिले तेव्हा दानम्मा पूजेवरून उठून तिच्या मागे येत होत्या. डाव्या मुठीत इष्टलिंग होते, म्हणून तो हात त्यांनी कशालाच लावला नाही. चौकटीला धरले नाही, पडताना टेकलाही नाही. ओल्या फरशीवर त्या खुब्यावर आदळल्या आणि मूठ तशीच मिटलेली राहिली. लातूरला ऑपरेशन झाले. सळई घातली. परवाच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, अजून दीड महिना त्या पायावर एक पाऊलही नाही. घाईने तर नाहीच. पुन्हा पडल्या तर ह्या वयात परत उभ्या राहतील याची खात्री देत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दानम्मा सांगत, "पाय घसरला." ओरडण्याचा शब्द त्यांनी काढला नाही. अमरनाथनेही काढला नाही. मंजुश्रीला हे न बोलणे रोज ऐकू येई.

आता ती ओरडली, तर आत्या उठतील. पाय विसरून उठतील. मागच्या वेळी पूजा विसरून उठल्या होत्या. आणि ती ओरडली नाही, आणि खरेच काही आले, तर डोक्यावरचा स्लॅब त्यांच्यावर येईल, आणि तिने बघितलेले असेल.

"मंजू?" आतून हाक आली. "काय झालं गं? दार वाजलं आन् मग काहीच आवाज न्हाई."

"काही न्हाई आत्या," ती म्हणाली. आवाज आपलाच होता याचे तिला आश्चर्य वाटले. "तुमची पूजा होऊ द्या."

तिने कमरेला खोचलेला मोबाइल काढला. अमरनाथचे नाव समोर होते. तो आता रस्त्यात असेल. त्याला सांगायचे काय? लातूरला वसतिगृहात असलेल्या मुलीचे नाव त्याखाली होते. तिचा साडेसहाचा क्लास. मंजुश्रीचा अंगठा त्या नावावर क्षणभर थांबला. मग तिने जोहराआपांना फोन लावला.

"आपा, गांडुळं बाहेर आली."

"किती?"

"सगळीच म्हणा. भिंतीवर चढलीत."

"हात् तिच्या," जोहराआपा म्हणाल्या, आणि त्यांचे हसू फोनमधून आले. "माझी पहिली खेप अशीच पळाली होती. तुमचे सलीमभाई म्हणाले, तुझ्या हातचं खाऊन किडेबी पळून राहिले, मी अजून टिकलो ते बघ. काय घातलंस तू त्यात? लिंबाच्या साली? लोणच्याचा खार?"

"न्हाई."

"ताजं शेण?"

"तुम्हीच दिलेलं जुनं होतं. तेवढंच."

"मग आणखी काय घातलं, आठव."

मंजुश्रीला आठवले. काल संध्याकाळी टाकीला मुंग्या लागल्या होत्या. माहेरी वाफ्याला मुंग्या लागल्या की चुलीतली राख टाकत. "राख टाकली," ती म्हणाली. "मुंग्यांसाठी."

"किती?"

"दोन ओंजळी. चार असतील. वरून पाणी शिंपडलं."

"अगं बाई. राखेनं अंग भाजतं त्यांचं. त्यात वर पाणी. ती बिचारी जीव घेऊन पळाली. ऐक, वरचा थर खरवडून काढून टाक. ओला पाला घाल. गांडुळं हातानं उचलून वर ठेव आन् गोणपाट झाकू नको. उजेडाला भितात ती, आपोआप खाली जातील."

"आपा," मंजुश्रीने विचारले, "ती आणखी कशानं वर येतात?"

श्रावणात दानम्मा पडल्या तेव्हा सर्वांत आधी धावून आलेल्या जोहराआपाच होत्या. त्यांना सगळे माहीत होते, वडिलांची गोष्टही.

"पावसानं येतात," त्या सावकाश म्हणाल्या. "उकाड्यानं येतात. राखेनं येतात, हे तुला आत्ता सांगितलं. मंजू, येऊ का मी? सलीमभाईंना दवाखान्यात न्यायचंय, पण थांबतील ते."

"नको, नको. मी करते."

फोन ठेवल्यावर क्षणभर बरे वाटले. राख होती. कारण होते, ते तिच्याच हातचे होते. खुरपे आणून तिने टाकीतला वरचा करडा थर खरवडायला घेतला. खाली बोट घातले तर शेण ओले, गार होते. तिने पहिले गांडूळ चिमटीत उचलले. ते आखडले आणि मग तिच्या बोटाभोवती सैल झाले.

दुसरे उचलताना तिच्या मनात आले: भुजंगकाका म्हणाले होते, पाऊस होता. पाऊस होताच. आणि तरी भूकंप झाला. राख होती, म्हणून दुसरे काही नसेलच असे कुठे आहे?

त्याच वेळी गल्लीतून काहीतरी जड गेले. उसाची ट्रॉली असेल. पायरीवरची ताटली हलकेच वाजली, इतकेच. पुढचे तिला कळले ते फाटकाबाहेर. ती गल्लीच्या मधोमध उभी होती, पदर सुटलेला, एक पाय अनवाणी, हाताच्या मुठीत दोन गांडुळे. ती ओरडली नव्हती. घर मागे तसेच होते. आत, स्लॅबखाली, आत्या उशांना टेकून बसलेल्या होत्या.

सायकलला कॅन लावून रेवणप्पा येत होता. त्याने ब्रेक दाबला. "काय वहिनी, सकाळी सकाळी कुणाची वाट बघून राहिलात?"

"दूधवाल्याची," ती म्हणाली.

रेवणप्पाने मागे वळून पाहिले, मग तिच्याकडे. "मीच की दूधवाला."

"हाव. तुमचीच."

"आज लई मान वाढला आमचा. भांडं?"

भांडे आत होते. ती म्हणाली, "थांबा, आणते," आणि तिथेच उभी राहिली. पाय फाटकाकडे वळेनात. रेवणप्पाने कॅनचे झाकण उघडले, पुन्हा लावले. त्याच्या तोंडावरचे हसू हळूहळू गेले. "आईला बरं हाय ना?" त्याने विचारले.

त्या प्रश्नाने तिला स्वतःकडे पाहावे लागले. आपण ओरडावे की नाही एवढाच विचार ती सकाळपासून करत होती. तोंड मिटूनही ती बाहेरच आली होती; श्रावणातही बाहेरच होती. गांडुळे खरे सांगत असोत की कारण राखेचे असो, भिंती उभ्या राहोत की न राहोत, आत्या आत असतील आणि ती इथे, हे दोन्ही वेळी ठरल्यासारखे झाले होते. वडिलांना जे आयुष्यभर खात होते ते खराट्याचे होते, की त्या रात्री आपण शेतात होतो याचे? हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. त्याचे उत्तर द्यायला आता कोणी उरले नव्हते.

"बरं हाय," ती म्हणाली, आणि भांडे आणायला आत गेली.

दूध घेऊन, ते अगदी बारीक गॅसवर ठेवून, ती पुन्हा अंगणात आली. गांडुळे उन्हाआधी उचलायला हवी होती. भिंतीवरची, चौकटीवरची, कोब्यावरची. एकेक उचलून, ओल्या पाल्यावर ठेवायची. दोन-तीन निसटली. काही मेलेली होती, ती तिने शेवग्याच्या बुडाशी पुरली. खराटा भिंतीला टेकून होता. त्याला तिने हात लावला नाही. जिवंत होती ती उजेडापासून डोके वळवून हळूहळू खाली शिरू लागली. त्यांना खाली जाताना पाहून तिला हायसे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, की हे काम उघड्या आभाळाखालचे आहे. विटांखाली पाहायचे, फटी पाहायच्या, टाकीला नवी भोके पाडायची. मनात आणले असते तर दिवसभर पुरले असते. कोणी विचारले नसते.

तिने हात धुतले, पुसले आणि आत गेली.

दानम्मांची पूजा झाली होती. लिंग पुन्हा गळ्यात होते. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिले. "कधीची हाक मारून राहिले मी. बाहेर गेलतीस का?"

"हाव."

"पळालीस?"

मंजुश्री पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. "आत्या, गांडुळं वर आली," ती म्हणाली. "लई आली. मी काल राख टाकली होती. आपा म्हणतात, त्यानंच."

दानम्मांनी तांब्यातले पाणी प्यायले. "मग त्यानंच असंल."

"असंल."

"तुला तसं वाटून न्हाई राहिलं."

"न्हाई."

स्वयंपाकघरात दूध वर यायच्या बेतात होते. मंजुश्रीने जाऊन गॅस बंद केला आणि परत आली. दानम्मांनी तेवढ्यात गोधडीची एक गुंडाळी पायापासून दूर सारली होती. "वॉकर आण," त्या म्हणाल्या. "धर मला. सावकाश जाऊ बाहेर. दुपारपर्यंत बसू बाजेवर. तुझा जीव तरी थाऱ्यावर यील."

त्यांचा हात पलंगाच्या काठावर होता, बोटे आधीच आवळलेली. त्या खरेच उठल्या असत्या. मंजुश्रीने त्या हाताकडे पाहिले. तिला एवढेच करायचे होते की 'बरं' म्हणायचे. ओरडावेही लागणार नव्हते, पळावेही लागणार नव्हते. आत्याच म्हणाल्या, असे सांगता आले असते. बाहेर जायचे, आभाळाखाली बसायचे. आणि उंबऱ्यावर तो पाय एकदा वाकडा पडला तर?

"नको," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दीड महिना सांगितलाय."

"मग तू जा. मी काय कुठं पळून चालले व्हय?"

"मी न्हाई जात."

तिने गुंडाळी परत पायाला लावली. मग खुर्ची उचलली. खुर्ची दाराशी असे. ती तिथूनच आत्यांना औषध देई, तिथूनच बोले. आता तिने ती पलंगाला वळसा घालून पलीकडे नेली, खिडकी नसलेल्या भिंतीपाशी. तिथून दारापर्यंत जायचे तर मध्ये पलंग होता. कोनाड्यातली फणी आणि तेलाची बाटली घेऊन ती बसली.

"डोकं इकडं करा," ती म्हणाली. "केसांचा पार गुंता झालाय."

"आत्ता?" दानम्मा म्हणाल्या. "स्वयंपाक?"

"होईल."

दानम्मांनी अजून काही विचारले नाही. मान वळवून त्यांनी डोके तिच्याकडे केले. त्यांचे केस पातळ, पांढरे, अडीच महिने उशीवर घासून मागे गठ्ठा झालेले. मंजुश्रीने तळहातावर तेल घेतले. डोक्यावरच्या स्लॅबकडे तिने एकदा पाहिले. मग गुंत्याचे टोक बोटात धरले आणि खालून वर, दुखू नये अशा बेताने, सोडवायला सुरुवात केली.